डाव्या हाताची चिप

आम्ही राहायचो ते घर मागांच्या डोक्यावर होतं. खाली माझी मैत्रीण पद्मा हिच्या वडलांचे टॉवेलचे माग, आणि बाहेरच्या लोखंडी जिन्यानं वर गेलं की आमच्या दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. सकाळी माग सुरू झाले की आधी फरशी जागी व्हायची, मग मांडणीवरची भांडी, मग आम्ही. पेल्यातल्या पाण्यावर दिवसभर बारीक लाटा असायच्या. नवा पाहुणा पेला हातात धरून त्या लाटांकडे बघत बसायचा आणि आई म्हणायची, "प्या की, पाणीच हाय." आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. मी लहान असतानाच दादा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात सुताच्या गाठी वाहणारा टेम्पो चालवायला लागले आणि गावाकडची मेंढरं, डाळिंबाच्या काटेरी ओळी, टँकरची वाट बघणाऱ्या बायका हे सगळं सुट्टीपुरतं उरलं. त्या खटखटीत मी वाढले. अजूनही पूर्ण शांत खोलीत मला झोप येत नाही. नवरा पंखा बंद करतो, मी उठून परत लावते. त्याला वाटतं मला उकडतंय.

खालून मागांची खटखट आणि वरून आईच्या उखळाचा दणका, असा आमच्या घराचा आवाज होता. आई शेंगाची चटणी करून विकायची. दाणे मंद आचेवर भाजायचे, चोळून पाखडायचे, मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटायचे. मिक्सरला ती हात लावू देत नसे. मिक्सरमधली चटणी म्हणजे भुकटी, असं तिचं मत होतं आणि ते तिनं कुणी विचारलं नसतानाही अनेकांना सांगितलेलं होतं. कडक भाकरी, ही चटणी आणि वर दही, एवढं असलं की आमचं जेवण झालं. खालून पद्माची आई चिंचेच्या भाताचं भांडं पाठवायची, ते आमच्याकडून चटणी भरून परत जायचं. रिकामं भांडं त्या जिन्यावरून कधी उतरलेलं मला आठवत नाही. पद्माच्या घरी तेलुगू बोलायचे, आमच्याकडे आमची सांगोल्याची मराठी, आणि भांडण झालं की आम्ही दोघी शाळेतल्या मराठीत भांडायचो, कारण तीच दोघींना सारखी यायची.

पद्मा आणि मी एकाच पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सला होतो. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असायचा. वर्गातले बहुतेक जण पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी करायचे. सोलापुरात पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा यायचं, त्यामुळे या घंटीला कुणी नावं ठेवत नसे. पण आमचे हिरेमठ सर त्या घंट्यांना कंटाळले होते. त्यांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, "तुम्ही एडीसीच्या चिपा घ्या. तीन निरनिराळ्या घ्या, एकाच कामाला लावा आणि कुठली कधी वापरावी ते मला सांगा. काम कुठलं ते तुम्ही ठरवा. टाकी सोडून."

एडीसी म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर. हे मी तेव्हा आईला जसं समजावलं होतं तसंच सांगते. मायक्रोकंट्रोलर हा छोटा हिशेबी माणूस आहे. त्याला फक्त आकडे कळतात. पण बाहेरच्या जगात आकडे नसतात. हाताचा दाब असतो, ऊन असतं, आवाज असतो. सेन्सर त्याची वीज करतो, कमी-जास्त होणारी, आणि ही मधली चिप त्या विजेचा आकडा करून हिशेबी माणसाला सांगते. आई म्हणाली, "म्हंजी दुभाषी." मी म्हटलं, "व्हय." मग दुभाषी निरनिराळे असतात. एक बारीकसारीक सगळं सांगतो पण सावकाश बोलतो, दुसरा भराभर बोलतो पण बारीक गोष्टी गाळतो. बारकावा बिटांत मोजतात. आम्ही पुण्याहून कुरियरनं तीन चिपा मागवल्या. एक दहा बिटांची, जी सगळ्या विजेचे हजारभर तुकडे करू शकायची आणि अतिशय चपळ होती. एक सोळा बिटांची, पासष्ट हजार तुकडे करणारी, मध्यम गतीची. आणि एक चोवीस बिटांची, जिचे तुकडे कोटीच्या वर जायचे, पण ती सेकंदाला दहा वेळा, फार तर ऐंशी वेळा उत्तर द्यायची. ही तिसरी वजनकाट्यात घालायची असते. कुरियरचा खोका फोडल्यावर दादांनी तिघींना तळहातावर घेतलं आणि विचारलं, "एवढ्याशा वस्तूला एवढा मोठा खोका?" खोका त्यांनी टेम्पोत कागदपत्रं ठेवायला नेला.

काम कुठलं घ्यायचं हे मात्र ठरत नव्हतं. ते नानांमुळे ठरलं.

नाना म्हणजे दादांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं. ढोलकी वाजवत पार बार्शीपासून केमपर्यंतची गावं पालथी घातली होती. लग्न, जागरण, गावची जत्रा, बोलावणं येईल तिथं जायचे. बोलायला एकदम खट्याळ. आमच्याकडे आले की जेवताना ताटावर बोटांनी बोल वाजवायचे आणि आई "अन्नावर वाजवू नगा" म्हणत हसायची. ढोलकीच्या लहान तोंडावर उजवा हात असतो, मोठ्या तोंडावर डावा. मोठ्या तोंडाला धुम म्हणतात. तिथं डाव्या तळहाताची टाच दाबून सरकवली की जो आवाज वर-खाली वळतो तो घुमारा. नाना मला मंजे म्हणायचे. "उजवा हात बोलतो, मंजे," ते सांगायचे, "आन डावा गातो. नुसतं बोलणारं लई असत्यात."

मग नानांना झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय महिन्याभरात बराच सुधारला, तोंडही सरळ झालं, पण डावा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून राहिला. दादांनी त्यांना गावाकडून आमच्याकडे आणलं, कारण इथं दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. बाईंनी व्यायाम दिले, सोडू नका म्हणून बजावलं. नानांनी काही दिवस केले. हात हलत नाही, बोट उचलत नाही, मग कशासाठी करायचं, म्हणून हळूहळू थांबले. खट्याळपणाही थांबला. गॅलरीतल्या खाटेवर बसून खाली सुताच्या गाठी उतरताना बघत राहायचे. ताटावर वाजवायला उजवा हात होता की, पण तोही त्यांनी वापरला नाही. एक दिवस जेवताना त्यांनी शांतपणे सांगितलं की केमच्या सोपानला फोन केलाय. सोपानकाका त्यांच्या जोडीला वर्षानुवर्षं तुणतुणं वाजवणारे. ते येऊन ढोलकी घेऊन जाणार, आणि नंतर नाना गावाकडं जाऊन शेरडं राखत बसणार. "शेरडं राखायला येक हात पुरतो," ते म्हणाले. दादांचा घास हातातच राहिला. खाली माग चालूच होते.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाटेवर मी पद्माला म्हटलं की आपण ढोलकी घेऊ. खरी नव्हे, थापेचा आकडा करणारी. रबराच्या दोन चकत्या, खाली सेन्सर, आणि त्याचा आवाज कॉम्प्युटरमधून. नाना निदान उजव्या हातानं तरी वाजवतील. पद्मानं जरा विचार करून विचारलं, "आणि डावा आवाज कुठनं आणायचा गं?" मी म्हटलं, बघू. त्या वयात "बघू" हा शब्द मी फार विश्वासानं वापरायची.

हिरेमठ सरांना विषय आवडला. आम्ही उजव्या चकतीपासून सुरुवात केली. थाप पडली की वीज उसळायची आणि क्षणात विरायची, आणि त्या क्षणातच चिपेनं ती पकडायला हवी. नानांना आम्ही नुसतं तपासायला म्हणून थापा मारायला सांगितलं. ते नको-नको म्हणत खाटेवरून उठले, पण एकदा बोट पडल्यावर त्यांना राहवेना. सावकाश थापा तिन्ही चिपांनी कमी-जास्त पकडल्या. मग नानांनी लय वाढवली आणि कसोटी लागली. चोवीस बिटांची तर बिचारी पार गोंधळून गेली. चार थापा पडून जायच्या तेव्हा ती एका थापेचा आकडा द्यायची, तोही चुकीचा. सोळा बिटांची निम्म्या थापा बरोबर सांगायची, निम्म्यांची ताकद चुकवायची. दहा बिटांची मात्र एकही थाप सोडत नव्हती. अगदी हळू बोट टेकवलं तर तिला कळायचं नाही, एवढंच. नाना पडद्यावरच्या रेघा बघून म्हणाले, "ही बारकी चिप लई हुशार हाय." मी वहीत लिहिलं की पहिली उत्तम, दुसरी बरी, तिसरी या कामाला निरुपयोगी. आज कामावर एखादा नवा मुलगा माझ्याकडे येऊन म्हणतो की मॅडम, जास्त बिटांची घेऊ या, तेव्हा मला आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. आणि एखादा म्हणतो की सगळ्यात चपळ घेऊ या, तेव्हा मला त्याच्या पुढच्या आठवड्यातली दुपार आठवते.

तिसऱ्या चिपेला अहवालात जागा तर द्यायला हवी होती. निरुपयोगी म्हणजे नेमकी कशासाठी उपयोगी हे सर विचारणारच. आईचा चटणी तोलायचा जुना काटा बिघडला होता. त्याच्या आतली धातूची पट्टी चांगली होती. वजन पडलं की ती दिसणार नाही इतकी वाकते आणि त्या वाकण्यानं वीज बदलते. ती पट्टी मी लाकडी पाटावर बसवली, वर एक ताटली जोडली आणि तारा चोवीस बिटांच्या चिपेला दिल्या. पडद्यावर आकडा आला आणि थयथय नाचायला लागला. एका जागी थांबेचना. मी तारा तपासल्या, जोड परत लावले, पद्मानं आपला प्रोग्राम तपासला. शेवटी आईनं उखळात मुसळ घातलं आणि आकड्यानं एवढी मोठी उडी घेतली की आम्हाला उलगडा झाला. चिप बिघडलेली नव्हती. ती माग मोजत होती. फरशीतून येणारा प्रत्येक ठोका ती इमानानं सांगत होती.

म्हणून आम्ही माग बंद असायच्या सुट्टीच्या वारापर्यंत थांबलो.

त्या दिवशी घर कसं अनोळखी वाटायचं. पेल्यातलं पाणी स्थिर. रस्त्यावरचा भंगारवाला पार कोपऱ्यापासून ऐकू यायचा. आई चुलीपाशी दाणे भाजत होती, मुसळ संध्याकाळपर्यंत हातात घ्यायचं नाही असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पद्मा कॉम्प्युटरपाशी. मी ताटलीत एक शेंगदाणा टाकला, आकडा सरकला आणि नव्या जागी शांत उभा राहिला. दुसरा टाकला, परत सरकला. नाना शेजारच्या खाटेवर होते, ते बघायला पुढे वाकले.

"येका दाण्याला बी कळतंय व्हय?"

"अर्ध्या दाण्याला पण कळेल, नाना."

त्यांनी थोडा वेळ बघितलं. मग बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जुना खट्याळपणा आला. "मग माज्या ह्या धोंड्याचं वजन घे की. किती भरतोय बघू." आणि उजव्या हातानं डावा हात मनगटाला धरून उचलला आणि ताटलीवर आणून ठेवला.

आकडा उसळला आणि थांबला. मी तो लिहून घेतला. हाताचं वजन बरंच भरलं. आई म्हणाली, "हात कशाला म्हणायचा, पायली जवारी हाय." सगळे हसलो. मी म्हटलं, "आता काढा नाना, मला परत शून्य करायचंय."

नानांनी उजवा हात पुढे केला. पण तो पोहोचायच्या आधी, सवयीनं, "हात काढा" म्हटल्यावर माणूस ठेवलेलाच हात उचलतो, तसा डावाच उचलायचा प्रयत्न त्यांच्या मनानं केला असणार. ताटलीवरचा हात जरासुद्धा हलला नाही. मी त्याच्याकडेच बघत होते. पण पद्मा पडद्याकडे बघत होती आणि ती म्हणाली, "आकडा खाली आला."

"आज माग बंद आहेत ना?" मी विचारलं.

"बंदच आहेत. ऐक की."

खरंच, फक्त भंगारवाला. मी नानांना म्हटलं, "उजवा हात लावू नका. नुसता डावा उचलायचा प्रयत्न करा."

"न्हाय उचलत त्यो. म्हाईत हाय तुला."

"नुसता प्रयत्न करा."

त्यांनी डोळे मिटले. हात जसाच्या तसा होता, बोटं तशीच अर्धवट वळलेली. आणि आकडा उतरला. किंचित, दोन-तीन दाण्यांएवढा. मी म्हटलं, "आता दाबा." आकडा चढला. "सोडा." उतरला. "दाबा." चढला. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात नानांनी डोळे उघडले. ते रागावले होते.

"मला फसवू नगा, पोरीनो. चांगलं वाटावं म्हणून करताय तुमी."

"नाही नाना, आईशप्पथ."

"ती पद्मा बटणं दाबतीया तितं."

पद्मानं दोन्ही हात वर केले. माझ्या लक्षात आलं की आता कितीही सांगितलं तरी उपयोग नाही. मी पडदा त्यांच्या तोंडासमोर ठेवला, कीबोर्डची वायर काढून कीबोर्ड काखेत घेतला आणि म्हटलं, "आम्ही बाहेर जातो. तुम्ही एकटेच बघा." आईलाही मी ओढून बाहेर आणलं. गॅलरीत आम्ही तिघी कठड्याला टेकून उभ्या राहिलो. आतून काहीच आवाज नव्हता. त्या शांततेत पद्मा उगाच तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती, देवाचं असावं. आई कीबोर्डाकडे बघत होती, जणू त्यातून काही कळेल. बराच वेळ गेला. मग आतून नानांचा आवाज आला, पण तो आकड्याबद्दल नव्हता.

"अगं, दाणं करपलं की!"

आम्ही आत धावलो. खोलीभर धूर. आईनं कढई उतरवली. नाना हलले नव्हते, हात ताटलीवरच होता, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. धुरानं की कशानं ते मी विचारलं नाही. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "मी मनात धुम दाबतो तवा चढतंय. सोडतो तवा उतरतंय. मंजे, ह्यो हात ऐकतोय माझं." आई कढई तशीच हातात धरून उभी होती. "मग वो," ती म्हणाली, "तोंडानं बोलत नव्हता एवढंच." त्या करपट दाण्यांची चटणी आम्ही विकली नाही, घरीच खाल्ली. पंधरा दिवस पुरली आणि एकानंही तक्रार केली नाही.

दादा संध्याकाळी आले तेव्हा नानांनी त्यांना समोर बसवून सगळा खेळ परत करून दाखवला. दादांनी आकडा चढताना पाहिला, उतरताना पाहिला, आणि मग ते जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण नीट लावत बसले. ते नीटच होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाईंना आम्ही सांगितलं. त्यांनी नानांचा हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ तपासला आणि म्हणाल्या की स्नायूत हालचाल सुरू झाली असेल तर व्यायामानं ती वाढू शकते, पूर्ण येईलच असं सांगता येत नाही. नाना म्हणाले, "पुरी कशाला पायजे, बाई. दाबण्यापुरती आली तरी बास."

त्यानंतर आमच्या घरात त्या आकड्याचं राज्य सुरू झालं. नाना सकाळ-संध्याकाळ ताटलीवर हात ठेवून बसायचे. मागांच्या हादऱ्यांना उपाय पद्माच्या वडलांनीच सुचवला. खाली नापास झालेल्या टॉवेलांचा ढीग असायचा, त्यांतले चांगले जाड बघून त्यांनी पाटाखाली घालायला दिले. त्या थरावर आकडा बऱ्यापैकी शांत राहायला लागला. नानांचा आकडा दाण्यांवरून लिंबावर आला, लिंबावरून कांद्यावर. "आज कांदा दाबला," असं ते दारात आलेल्या माणसालाही सांगायचे आणि तो बिचारा आईकडे बघायचा.

अशात सोपानकाका केमहून सकाळच्या गाडीनं आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, खांद्यावर ढोलकी न्यायला आणलेलं जाड कापड. नाना त्यांच्याकडे बघून म्हणाले, "ढोलकी न्यायला आलास न्हवं? मग आधी वाजव." सोपानकाकांना वाटलं निरोप द्यायचाय. ते गंभीर होऊन बसले. पण नानांना हवा होता डाव्या हाताचा आवाज. आमच्या कॉम्प्युटरमध्ये भरायला खऱ्या ढोलकीच्या थापा लागणार होत्या. उजव्या थापा नानांनी स्वतः दिल्या, आणि धुम सोपानकाकांना मारायला लावली. तुणतुण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. पहिल्या पाच-सहा थापा ऐकून नाना म्हणाले, "अरं, दार वाजवतोस का काय?" सोपानकाका म्हणाले, "मग तूच मार की." नाना म्हणाले, "त्याचंच चाललंय." शेवटी एक थाप अशी पडली की दोघांनीही एकमेकांकडे बघून मान डोलावली. तीच आम्ही भरली. जेवताना सोपानकाकांना आकड्याचा प्रकार दाखवला. निघताना त्यांनी ते जाड कापड घडी करून ढोलकीवर झाकलं आणि म्हणाले, "धूळ बसंल." आणि रिकाम्या खांद्यानं जिना उतरले.

आता यंत्र कसं असावं हे आम्हाला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. उजव्या चकतीला चपळ चिप, डाव्या पट्टीला संथ चिप. डाव्या हातानं थाप मारायचीच नाही. डावीकडची भरलेली थाप उजव्या थापांच्या जोडीनं कॉम्प्युटर वाजवेल, नानांनी फक्त दाबून तिला वळवायचं. मधली चिप, सोळा बिटांची, शेवटी आवाजाच्या बटणाला लागली आणि तिथं ती सुखात होती. फक्त एक अडचण राहिली. संथ चिप दाबाचा आकडा जरा उशिरा द्यायची, त्यामुळे घुमारा थापेच्या मागून लंगडत यायचा. पद्मा आणि मी प्रोग्राम बदलून बदलून थकलो. दोन दिवसांनी ऐकलं तर घुमारा जागच्या जागी. आम्ही तर काहीच केलं नव्हतं. नाना म्हणाले, "मी जरा आदीच दाबतोय. तुणतुणंवाला उशिरा यायचा, तवा बी मी आसंच करायचो."

परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. चष्मा, हातात जाड फाइल, चेहऱ्यावर सकाळपासून ऐकलेल्या टाकीच्या घंट्या. आमच्या टेबलापाशी नाना इस्त्रीचा सदरा घालून बसलेले बघून त्यांना आश्चर्य वाटलं असणार, पण त्यांनी ते दाखवलं नाही. त्यांनी मला अगदी नीट प्रश्न विचारले: गती किती, गोंगाट किती, वीज किती खाते. मी तक्ता दाखवत उत्तरं दिली. पद्मानं प्रोग्राम समजावला. मग बाईंनी फाइल मिटून विचारलं, "थोडक्यात, तिघींत चांगली कुठली?"

हे उत्तर मी आधी पाठ केलं होतं, पण आयत्या वेळी तोंडून वेगळंच आलं. "मॅडम, आधी मी दहा बिटांची चांगली म्हणून लिहिलं होतं. ते खोडलं. कुठल्या हाताला लावायची, त्यावर आहे."

बाई नानांकडे वळल्या. "वाजवता?"

नानांनी डावा हात उजव्यानं उचलून पट्टीवर ठेवला, आणि उजवा चकतीवर आणला. सुरुवातीला दोन-चार साध्या थापा, मग बोल उलगडत गेले. डावीकडून तो आवाज आला, वळत, घुमत, वर चढून खाली उतरणारा. शेजारच्या टेबलांवरची पोरं आली. कुणाची तरी टाकी भरून घंटी वाजायला लागली, ती कुणी बंदच करेना. नानांनी ती लयीत घेतली. हिरेमठ सर दाराशी उभे होते, त्यांची मान हलत होती. बाईंनी चष्मा काढून हातात धरला होता. वाजवणं थांबल्यावर त्यांनी तो परत लावला. नानांना एवढंच म्हणाल्या, "परत एकदा ऐकवाल?"

पहिला नंबर आम्हाला मिळाला नाही. तो सौर कुंपण केलेल्या मुलांना मिळाला आणि त्यांचं कामही खरंच चांगलं होतं. आम्हाला दुसरा मिळाला. दादा टेम्पो घेऊन न्यायला आले होते. यंत्र मागे ठेवलं, पद्मा त्याला धरून बसली, पुढे दादा, मधे मी, खिडकीशी नाना. संध्याकाळची वेळ, रस्ता गच्च भरलेला. सिग्नलला थांबलो. बाजूच्या रिक्षात कुठलंतरी नाचाचं गाणं जोरात लागलं होतं. नाना काचेतून बाहेर बघत होते, दमलेले, त्यांचा डावा हात गुडघ्यावर पडलेला.

मला आधी वाटलं टेम्पोच्या इंजिनानं हलतोय. पण यंत्राची थरथर वेगळी असते, ती मला फरशीतून पाठ होती. नानांचा डावा अंगठा गुडघ्यावर गाण्याच्या ठेक्यात उचलला जात होता आणि टेकत होता. त्यांचं लक्षच नव्हतं. मी हळूच दादांच्या कोपराला कोपर लावलं. त्यांनी वळून बघितलं, माझ्या नजरेच्या मागोमाग खाली बघितलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या कर्कश वाजायला लागल्या, रिक्षावाला आमच्याकडे बघून ओरडत पुढे निघून गेला आणि त्याच्याबरोबर गाणंही गेलं. तरी अंगठा हलतच होता. दादांनी गिअर टाकला नाही.